ताप नाही, रिपोर्ट निगेटिव्ह, मग गोळ्या कशाला? (वारेतला मलेरिया)

जास्वंदी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हा धागा आरोग्य विभागात टाकू की परदेशस्थांच्या, कळेना. चुकलं असेल तर संपादकांनी हलवावा.

माझी धाकटी बहीण युगांडात जिंजाला असते. तिचा नवरा तिथे साखर कारखान्यात केमिस्ट आहे. दोघं पक्के सांगलीचे. पहिलंच बाळंतपण, आत्ता १८वा आठवडा. परवा तपासणीला गेली तेव्हा सिस्टरने बोट टोचून मलेरियाची टेस्ट केली. निगेटिव्ह. ताप नाही, साधी कणकणसुद्धा नाही. तरी सिस्टरने तीन गोळ्या हातावर ठेवल्या, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "आत्ता, माझ्यासमोर." बहीण गांगरली. घरी विचारून घेते म्हणाली आणि गोळ्या पर्समध्ये टाकून परत आली. कारण विचारल्यावर सिस्टरचं उत्तर असं: मलेरिया बोटाच्या रक्तात दिसेलच असं नाही, तो वारेत (प्लासेंटात) लपून बसतो.

आईचं म्हणणं, पोटुशी बाईने नसती औषधं घ्यायची नाहीत. मला यातलं ओ की ठो कळत नाही. वारेत मलेरिया ही काय भानगड आहे? कुणाला अनुभव?

बारक्या

जिंजाला सांगलीकर! भडंग पोचतं का तिकडे? विषयातलं काही कळत नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टेकडीवरचा वारा

आई बरोबर बोलतात. आजार नसताना गोळ्या हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे. माझ्या आजीची अकरा बाळंतपणं झाली, एक गोळी घेतली नाही तिने.

नानबा

अकरापैकी किती जगली तेही लिहा.

टेकडीवरचा वारा

सहा. पण ती वेगळी गोष्ट.

नानबा

बरं.

स्लाइडवाली

ताई, सिस्टर बरोबर आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, थोडं सविस्तर लिहिते.

वार कशी असते ते आधी. बाळाच्या बाजूने बारीक बारीक फांद्यांचं झाड येतं आणि त्या फांद्या आईच्या रक्तात बुडालेल्या असतात, तळ्यात मुळं सोडलेल्या झाडासारख्या. दोघांचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये पेशींचा पातळ पडदा असतो आणि प्राणवायू, साखर, अमिनो आम्लं त्या पडद्यातून पलीकडे जातात. दिवस भरत आले की त्या तळ्यातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जातं, पण जातं ते संथपणे. परजीवीला अशी निवांत जागा शरीरात दुसरीकडे मिळत नाही.

आता फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाच्या परजीवींतली एक जात. हा तांबड्या पेशीत शिरला की पेशीच्या बाहेरच्या अंगाला स्वतःची चिकट प्रथिनं लावतो. नुसतं वाहत राहिलं तर प्लीहेत गाळलं जायची भीती, म्हणून रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसायचं. त्यामुळे त्याची वाढलेली रूपं बोटाच्या थेंबात फारशी सापडतच नाहीत. या चिकट प्रथिनांचे साठेक नमुने त्याच्याकडे असतात आणि तो ते कपड्यांसारखे बदलत राहतो. त्यातला एक नमुना वारेच्या पडद्यावरच्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाच्या शर्करेच्या साखळीला जाऊन चिकटतो. हे १९९६ मध्ये फ्राइड आणि डफी यांनी केनियातल्या बायकांच्या वारा तपासून दाखवलं. पुढे २००३ मध्ये कोपनहेगनच्या मंडळींनी नेमकं प्रथिन ओळखलं: व्हीएआर२सीएसए.

यातली खरी गंमत अशी की, तिथल्या बाईला लहानपणापासून पन्नास वेळा मलेरिया झालेला असला तरी हा नमुना तिच्या शरीराने कधी पाहिलेला नसतो. कसा पाहणार? वारच नव्हती. म्हणून पहिल्या खेपेला या नमुन्याविरुद्ध अँटिबॉडी जवळपास शून्य, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या तयार होत जातात. आफ्रिकेत पहिलटकरणीला सगळ्यात जास्त फटका बसतो तो यामुळे.

चिकटलेल्या पेशींमागून आईच्या पांढऱ्या पेशींची झुंड येते, सूज धरते, फायब्रिन (रक्त गोठताना होणारे धागे) साठतं, पडद्याखालचा थर जाड होतो. बाळाचं रेशन कमी पडतं. मूल अडीच किलोच्या खाली जन्मतं किंवा दिवस भरायच्या आधी येतं, कधी पोटातच जातं. आई पांढरीफटक पडते ती वेगळीच. आणि तिथल्या बाईला हे सगळं होत असताना अंगात ताप असेलच असं नाही.

जास्वंदी

बापरे. स्लाइडवाली ताई, खूप आभार. म्हणजे वार काळी वगैरे पडते का?

स्लाइडवाली

जुनी लागण असेल तर कधीकधी नुसत्या डोळ्यांनाही राखाडी-काळसर दिसते. परजीवी हिमोग्लोबिन खातो आणि जे पचत नाही त्याचे तपकिरी-काळे खडे करून टाकतो, हिमोझॉइन म्हणतात त्याला. परजीवी मेला तरी हा कचरा फायब्रिनमध्ये अडकून राहतो. त्यामुळे बाळंतपणानंतर वारेचा तुकडा पाहिला तर कळतं: नुसते परजीवी म्हणजे लागण ताजी, परजीवी आणि खडे दोन्ही म्हणजे बरेच दिवसांची, नुसते खडे म्हणजे होऊन गेलेली.

एक फजिती सांगते. २०१० च्या पावसाळ्यात मुंबईत मलेरियाचा कहर होता. आमच्याकडे एक वार आली, मुदतीआधीची प्रसूती. स्लाइडवर सगळीकडे तपकिरी खडे, पोलराइज्ड प्रकाशात चांदण्यांसारखे चमकत होते. मी ऐटीत 'प्लासेंटल मलेरिया' लिहिलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि विचारलं, "फॉर्मॅलिन कधीचं आहे गं?" डबा उघडून वास घेतला तर जुनं, आंबट झालेलं. अशा फॉर्मॅलिनमध्ये रक्तातून अगदी तसाच रंग धरतो, तोही तसाच चमकतो. फरक एवढाच की तो कुठेही पसरलेला असतो, बाळाच्या रक्तवाहिन्यांतसुद्धा. मी तिकडे पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून फॉर्मॅलिनचा डबा माझ्या कुलपात असतो.

अनुस्वार

उत्तम माहिती. एक भाषिक शंका. वर सगळे 'वार' म्हणताहेत ते बरोबरच आहे, पण आमच्याकडे (कोल्हापूर) जनावराची पडते ती 'जार' आणि बाईची पडते ती 'वार'. शहरात हल्ली दोन्हींना सरसकट 'नाळ' म्हणतात, ते चूक. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीला जोडलेली दोरी. संस्कृतात 'अपरा'.

बारक्या

म्हणजे 'माझी नाळ या मातीशी जोडलेली आहे' म्हणणाऱ्या पुढाऱ्यांची नेमकी कुठली वस्तू मातीत असते?

अनुस्वार

वार. पण 'माझी वार या मातीत आहे' असं भाषण ठोकलं तर पुढारी पडेल.

परळकर

अवांतर चाललंच आहे तर: आमच्या गावी वार परसात पुरतात, वर दगड ठेवतात, कुत्र्याने उकरू नये म्हणून. युगांडाचं निघालंय म्हणून आठवलं, बुगांडाच्या राज्यात राजाची वाळलेली नाळ त्याचं जुळं भावंड समजून सजवून जपत असत. 'मुलोंगो' म्हणजे जुळं. आपल्या दगडापेक्षा थाट बराच मोठा.

वैनगंगा

मी एएनएम (सरकारी आरोग्यसेविका) आहे, गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीकडे. चौदा वर्षं झाली.

इथे पावसाळा संपला की हिवताप. आमच्याकडे त्या गोळ्या द्यायची पद्धत नाही, भारतात ती योजनाच नाही. आम्ही तपासतो. आशाताईंकडे किट असते, एक थेंब रक्त, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. गरोदर बाईला ताप असो नसो, आमच्या भागात तपासूनच घेते मी. एक पोर आठवते, एकोणीस वर्षांची, सातवा महिना. ताप नाही म्हणाली. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली तर आत कागदासारखं पांढरं. हिमोग्लोबिन ६. किट लावली, पीएफ (फाल्सिपेरम) निघाला. काचपट्टीवर मात्र मोठ्या मुश्किलीने एक-दोन दिसले. नदीला पूर, नावेतून काढून नेली तिला. बाळ १९०० ग्रॅमचं झालं. जगलं, आता शाळेत जाते.

जास्वंदीताई, गोळी दिली तर घ्यायला सांगा. आमच्याकडं लोक गोळ्या घेऊन छपरात खोचून ठेवतात. म्हणून ती सिस्टर समोर घ्या म्हणते. मीही तसंच करते. राग मानू नका म्हणावं तिला.

स्लाइडवाली

वैनगंगा ताई, दंडवत. किट लागली आणि काचपट्टीवर मुश्किलीने दिसले, याचं कारण असं की किट परजीवी मोजत नाही, त्याने रक्तात सोडलेलं एक प्रथिन पकडते. परजीवी वारेत दडला तरी प्रथिन बरेचदा रक्तात फिरत असतं. उलटी अडचण अशी की बरं झाल्यावरही काही आठवडे किट पॉझिटिव्ह दाखवत राहते.

टेकडीवरचा वारा

गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यासाठी अळशी, गूळ, खारीक. इतका पाल्हाळ कशाला?

शून्यवेळा

प्रतिकारशक्ती सरसकट कमी होत असती तर पाचव्या खेपेलाही तेवढाच त्रास व्हायला हवा होता. जिथे मलेरिया बारमाही आहे तिथे होत नाही. स्लाइडवालींनी तेच तर सांगितलं. अळशीने कॉन्ड्रॉइटिन सल्फेट बदलत नाही. हलके घ्या.

माझी शंका वेगळी आहे. त्या तीन गोळ्या म्हणजे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन असणार. पूर्व आफ्रिकेतला परजीवी या औषधाला बराच निर्ढावलेला आहे असं वाचलंय. मग देतात कशाला?

किसुमूकर

बराच वेळ नुसता वाचत होतो, आता लिहितोच. मी डॉक्टर, केनियात किसुमूला. जिंजा आणि आम्ही एकाच व्हिक्टोरिया तळ्याच्या काठावर. स्लाइडवालींनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण या पेशंटला ते जसंच्या तसं लागू होत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे.

ताप नसताना वारेत मलेरिया दडणं ही मुख्यतः इथे वाढलेल्या बायकांची गोष्ट. लहानपणापासून चावे खाऊन त्यांना अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती आलेली असते, म्हणून ताप चढत नाही. सांगलीच्या मुलीकडे ती अर्धीमुर्धीही नाही. तिला लागण झाली तर बहुधा ताप येईल आणि तो लवकर गंभीर होईल: साखर उतरणं, फुप्फुसात पाणी, मेंदूचा मलेरिया. दुसऱ्या खेपेलाही तिची सुटका नाही. तेव्हा 'दडलाय का' यापेक्षा 'ताप आला तर किती तासांत तपासलं' हा तिच्यासाठी मोठा प्रश्न. दुखणं अंगावर काढायचं नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त, मग रविवार असो की लग्न असो.

शून्यवेळा, तुमची शंका रास्त आहे. निर्ढावलाय. दुसऱ्या एका औषधाशी तुलना करून पाहिली तेव्हा मलेरिया त्या दुसऱ्याने जास्त रोखला, पण बाळांचं वजन या जुन्याच गोळ्यांवर जास्त भरलं. म्हणजे मलेरियाखेरीज इतरही काही जंतुसंसर्गांवर ती काम करत असावी. म्हणून टिकून आहे. पहिले तीन महिने द्यायची नाही, नंतर किमान महिन्याच्या अंतराने, बाळंतपणापर्यंत निदान तीन वेळा.

मात्र बाहेरून आलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या बाईला एवढ्यावर भागेल असं धरू नका. अशांना मलेरिया टाळायला आठवड्याला एक मेफ्लोक्विनची गोळी द्यायचाही पर्याय असतो. तिच्या डॉक्टरांना तिने सरळ विचारावं की मी इथे वाढलेली नाही, माझ्यासाठी काय? सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगावं.

जास्वंदी

किसुमूकर, हे तर कुणीच बोललं नव्हतं. आत्ता तिला फोन लावते.

परळकर

एक राहिलं. बहिणीला फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे का? ती पिवळी, चणाडाळीएवढी. माझी बायको फार्मसीत आहे, ती म्हणतेय विचार.

किसुमूकर

वहिनींना सलाम. मुद्दा खरा आहे. पायरिमेथामिन परजीवीची फोलेटची (म्हणजे फॉलिक ॲसिडचीच) वाट अडवतं, आणि ५ मिलिग्रॅमचा डोस त्यावर बोळा फिरवतो. ०.४ मिलिग्रॅम चालतं. लोहाच्या सरकारी गोळीत असतं तेवढ्यानेही बिघडत नाही.

परळकर

फोलेटचा विषय निघालाच आहे तर परळचा झेंडा फडकवतो. हे फोलेट प्रकरण सापडलं मुंबईतच. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये इथे आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणारा जीवघेणा रक्तक्षय ती पाहत होती आणि काम परळच्या हाफकिन संस्थेत चालायचं. ब्रेडला लावतात तो मार्माइट दिल्यावर बायका सुधारल्या. १९३१ मध्ये तिने ते छापलं. त्या यीस्टमधला 'विल्स फॅक्टर' म्हणजे पुढे फोलेट निघालं.

बारक्या

म्हणजे एका गोळीचा शोध परळला आणि तीच गोळी दुसऱ्या गोळीच्या आड येते जिंजाला. सासू-सून आहेत का या?

मधली सुट्टी

मला एक विचारायचंय. मी गरोदर असताना डास मलाच चावायचे, नवरा शेजारी घोरत पडलेला. सगळे म्हणायचे मनाचे खेळ.

स्लाइडवाली

मनाचे नाहीत. गांबियात हे मोजलंय, २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. गरोदर बायकांकडे मलेरियाचे डास जवळजवळ दुप्पट आले. श्वासातून जास्त हवा बाहेर पडते आणि पोटाची त्वचा थोडी गरम असते, अशी कारणं दिली होती. शिवाय रात्री लघवीला उठावं लागतं, तेवढ्या वेळा मच्छरदाणीच्या बाहेर.

मधली सुट्टी

नवऱ्याला हा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून देते. नऊ वर्षांनी न्याय मिळाला.

वैनगंगा

मच्छरदाणीचं म्हणाल तर आमच्याकडं वाटलेल्या औषधी मच्छरदाण्यांनी मासे धरतात. विचारलं तर म्हणतात, ताई, आत झोपलं की गुदमरते, मासे तरी मिळते. काय बोलावं.

शून्यवेळा

आपल्याकडे शहरात जास्त करून मलेरियाची दुसरी जात, व्हायवॅक्स. तोही वारेत बसतो का?

स्लाइडवाली

फाल्सिपेरमसारखा ठाण मांडून नाही. पण रक्तक्षय होतो आणि बाळाचं वजनही घटतं. त्याची कटकट वेगळी. यकृतात झोपलेली रूपं महिन्यांनी उठतात, त्यांना मारणारं प्रायमाक्विन गरोदर बाईला देता येत नाही. म्हणून तूर्त क्लोरोक्विन, आणि मुळापासूनचा उपचार बाळंतपणानंतर. आणखी एक, आपल्याकडे मलेरिया तुरळक असल्याने पहिली काय, तिसरी काय, सगळ्याच खेपा धोक्याच्या. १९३४-३५ च्या सिलोनच्या साथीत कोलंबोच्या विक्रमसूरिया यांनी गरोदर बायकांचे हाल नोंदवून ठेवलेत, तेही असंच साथ येणाऱ्या मुलखातलं.

नानबा

लस नाही का?

किसुमूकर

लहान मुलांसाठी आलीय, पण ती या वारेच्या प्रकरणाला लागू नाही. व्हीएआर२सीएसएवरच्या दोन लशींच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या, बाजारात अजून काही नाही. गंमत म्हणजे तशीच साखळी अनेक कर्करोगाच्या पेशींवरही सापडते. म्हणून कोपनहेगनवाले आता त्याच चिकट प्रथिनाला औषध बांधून कर्करोगावर सोडायच्या मागे आहेत. २०१५ मध्ये त्याचा पहिला निबंध आला.

टेकडीवरचा वारा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

जास्वंदी

धागा वर काढतेय, पाच महिन्यांनी. तुमचे आभार मानायचे राहिले होते.

बहिणीने दुसऱ्याच दिवशी जाऊन सिस्टरसमोर गोळ्या घेतल्या. सिस्टरने टाळी दिली म्हणे. पिवळी गोळी चालूच होती, आईने इथून पाठवलेली, ती बदलली. डॉक्टरांना 'मी इथे वाढलेली नाही' हे सांगितलं. त्यांनी मेफ्लोक्विनचा विचार केला, पण तिला पूर्वी झटके आलेले असल्याने नको म्हणाले. महिन्याच्या गोळ्या, मच्छरदाणी, आणि ताप आला तर तडक इकडे या, असं ठरलं.

आणि २९व्या आठवड्यात ताप आलाच. संध्याकाळी सहाला हुडहुडी भरली, कारखान्यात कुणाच्या तरी मुलीचं बारसं होतं, नवरा म्हणाला सकाळी जाऊ. तिने किसुमूकरांचा प्रतिसाद त्याच्या डोळ्यांसमोर धरला. रात्री आठला रक्त दिलं, फाल्सिपेरम निघाला. तीन दिवस, चार-चार गोळ्या सकाळ-संध्याकाळ, दुधाबरोबर. उतरला.

गेल्या गुरुवारी मुलगी झाली. २७०० ग्रॅम. आई तिथेच आहे.

किसुमूकर

अभिनंदन! वजन छान आहे.

वैनगंगा

लेकीला आशीर्वाद. आता बाळाला ताप आला तरी लगेच दाखवा म्हणावं.

स्लाइडवाली

खूप खूप अभिनंदन! वारेचा तुकडा तपासायला घेतला का हो? २९व्या आठवड्यातली लागण, दहा आठवड्यांनी किती खडे उरलेत ते पाहण्यासारखं असेल.

जास्वंदी

ताई, डॉक्टर घेणारच होते. पण आई मध्ये पडली. सिस्टरकडून वार अख्खी मागून घेतली, क्वार्टरच्या मागे आंब्याखाली पुरली आणि वर दगड ठेवला. सिस्टरला काहीच नवल वाटलं नाही म्हणे, उलट तिनेच फावडं आणून दिलं.

स्लाइडवाली

अहो एक तुकडा! सुपारीएवढा! 😭

बारक्या

फॉर्मॅलिन तरी वाचलं.